पिंपातल्या बाटल्या : 285 खऱ्या, पण कोणत्या तीव्रतेला?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गुंतवणुकीच्या पानावर स्कॉटलंडमधील व्हिस्कीच्या पिंपांविषयी जो लेख आला, त्यातील एका चौकटीबद्दल हे पत्र आहे. असे पिंप विकत घ्यावे की घेऊ नये, याविषयी मला काहीही म्हणायचे नाही. तो ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. चौकटीत मात्र असा हिशेब दिला आहे की पिंप 200 लिटरचे, बाटली 700 मिलिलिटरची, म्हणून बारा वर्षांनी बाटल्या 285. आणि पुढे त्या 285 ला एका बाटलीच्या भावाने गुणून नफा काढला आहे. भागाकार चुकलेला नाही. परंतु ज्या वस्तूला भागले आहे ती वस्तू बारा वर्षांनी त्या पिंपात तेवढी नसते, आणि जी उरते ती आहे तशीच बाटलीत भरली जाईल असेही नसते. या दोन गोष्टी सोडून केलेला हिशेब वाचकांसमोर जाऊ नये, असे मला वाटते.

माझा अधिकार एवढाच की माळव्यातील एका आसवनीत, म्हणजे दारू गाळण्याच्या कारखान्यात, मी रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीची सगळी वर्षे काढली. आमच्या गोदामाला दोन कुलुपे असत, एक आसवनीचे आणि एक आबकारी खात्याचे, आणि दोन्ही किल्ल्या एकाच वेळी हजर झाल्याशिवाय दार उघडत नसे. आत शिरल्यावर प्रत्येक टाकीत आणि पिंपात डिप रॉड, म्हणजे खुणा केलेली मापाची काठी, सोडायचा, ओली खूण कुठवर आली ते पाहायचे, नमुना काढून तीव्रता, म्हणजे त्यातला मद्यार्काचा टक्का, मोजायची आणि रजिस्टरात दोन आकडे लिहायचे : बल्क लिटर किती आणि प्रूफ लिटर किती. बल्क लिटर म्हणजे भांड्यात डोळ्यांना दिसणारा द्रव आणि प्रूफ लिटर म्हणजे त्यातल्या मद्यार्काचे माप. दोन आकड्यांपैकी पहिल्यात चूक झाली तर साहेब रागावत. दुसऱ्यात झाली तर स्पष्टीकरण लेखी द्यावे लागे, कारण शुल्क दुसऱ्यावर होते. आपल्या चौकटीत पहिला आकडा आहे, दुसरा नाही.

हे इतके मनावर घेण्याचे कारण शेजारी घडले. आम्ही इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो. समोरच्या घरातला मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, हाती पैसा आहे आणि स्वभावाने हिशेबी आहे. तो आपले पुरवणीचे पान आणि कोणा विक्रेत्याचे माहितीपत्रक अशी दोन्ही घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, तुम्ही यातले आहात म्हणून विचारतो, 285 धरायला हरकत नाही ना?" मी त्याला विचारले, "कोणत्या तीव्रतेला?" त्याने माहितीपत्रक पुढून मागून पाहिले आणि म्हणाला, "तसं काही लिहिलेलं नाही." माहितीपत्रकावर ओकच्या पिंपाचे सुरेख रंगीत चित्र होते, डोंगर होते, ओढा होता. टक्का कुठेही नव्हता.

ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगतो, कारण त्या मुलाला ती तशीच समजली. एक लिटर दह्याचे ताक किती पेले होईल? माझी आई असती तर तिने उलट विचारले असते की पंगत किती जणांची आहे. पाहुणे चार असतील तर ताक घट्ट होते आणि चौदा असतील तर पातळ होते. दही दोन्ही वेळा तेवढेच. पिंपातली व्हिस्की हे ते दही आहे. बाटलीत भरताना बहुतेक वेळा तिच्यात पाणी घालून ती ठरावीक तीव्रतेवर आणली जाते. कोणी ती 46 टक्क्यांवर आणतो, कोणी कायद्याने चालते तितकी खाली म्हणजे 40 टक्क्यांवर आणतो, तर कोणी पाण्याचा थेंबही न घालता पिंपात आहे त्याच तीव्रतेला भरतो. म्हणून "या पिंपातून किती बाटल्या" या प्रश्नाचे उत्तर पिंपाकडे नसते. ते बाटल्या भरणाऱ्याच्या मर्जीत असते. पिंपाकडे एकच उत्तर असते, आणि ते म्हणजे त्यात शुद्ध मद्यार्क किती लिटर आहे.

आता चौकटीतलेच पिंप घेऊन हिशेब मांडतो. स्कॉटलंडमध्ये नवे स्पिरिट, म्हणजे नुकतेच गाळलेले मद्य, पिंपात भरताना त्याची तीव्रता सामान्यतः 63.5 टक्के ठेवतात. 200 लिटर गुणिले 63.5 टक्के, म्हणजे 127 लिटर शुद्ध मद्यार्क. जुन्या ब्रिटिश मापाने, जे आमच्या रजिस्टरात चालत असे, 57.1 टक्के तीव्रता म्हणजे 100 प्रूफ. त्या हिशेबाने हेच पिंप सुमारे 222 प्रूफ लिटरचे होते. एकाच पिंपाचे 200, 127 आणि 222 असे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. (आपल्याकडच्या बाटल्यांवर 42.8 टक्के असा जो विचित्र आकडा छापलेला असतो, त्याचे मूळ इथेच आहे : तो 57.1 चा पाऊण हिस्सा, म्हणजे 75 प्रूफ. प्रूफ गेले, त्याचा पाऊण हिस्सा मागे राहिला.)

पिंप लाकडाचे असते आणि लाकूड श्वास घेते. उन्हाळ्यात माठाचे पाणी जसे बाहेरून पाझरत वाऱ्यावर उडून जाते, तसा पिंपातला माल दरवर्षी थोडा थोडा हवेत जातो. इंग्रजीत याला कौतुकाने एंजल्स शेअर म्हणतात. आमच्या रजिस्टरात त्या रकान्याचे नाव छीजत असे होते. स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत ही छीज वर्षाला साधारण 2 टक्के धरण्याची पद्धत आहे. ती चक्रवाढीने चालते, म्हणजे दरवर्षी उरलेल्याच्या 2 टक्के जातात. त्यामुळे बारा वर्षांत 24 टक्के न जाता साडेएकवीस टक्के जातात. 127 लिटरचे 99.7 लिटर उरतात.

पण इथे एक मेख आहे, आणि अनुभवी माणूसही तिच्यात अडकतो. 2 टक्के कशाचे? शुद्ध मद्यार्काचे की भांड्यातल्या द्रवाचे? दमट गोदामात मद्यार्क पाण्यापेक्षा लवकर निघून जातो, म्हणून वर्षागणिक तीव्रताही थोडी थोडी उतरते. ती बारा वर्षांत 63.5 वरून 58 वर आली असे धरू. छीज मद्यार्काची धरली तर 99.7 लिटर मद्यार्क, 58 टक्क्यांनी, म्हणजे भांड्यात जवळजवळ 172 लिटर. छीज द्रवाची धरली तर 200 चे 157 लिटर उरले आणि त्यात मद्यार्क फक्त 91 लिटर. कागदावर दोन्हीकडे "वर्षाला 2 टक्के" असेच लिहिलेले असते आणि फरक मात्र साडेआठ लिटर मद्यार्काचा पडतो.

यातून बाटल्या काढू. पाणी न घालता, 58 टक्क्यांना, 700 मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या तर पहिल्या हिशेबाने 245 आणि दुसऱ्याने 224. पाणी घालून 46 वर आणल्या तर 309 किंवा 282. थेट 40 वर आणल्या तर 355 किंवा 325. पिंप तेच, वर्षे तीच, गोदाम तेच, आणि बाटल्या 224 पासून 355 पर्यंत कुठेही. या दोन टोकांमध्ये 131 बाटल्यांचे अंतर आहे, आणि चौकटीतला नफा अशाच एका आकड्याला भावाने गुणून काढलेला आहे.

यात एक गंमत आहे, ती लपवत नाही. 46 टक्क्यांचा दुसरा आकडा 282 आहे, म्हणजे आपल्या चौकटीतल्या 285 च्या अगदी शेजारी. छीज वजा करायची राहिली आणि पाणी मिळवायचे राहिले. दोन विस्मरणे एकमेकांना खाऊन गेली आणि उत्तर बरोबरसे दिसले. पण ते 46 टक्क्यांना आणि बाराव्या वर्षीच बरोबर दिसते. तोच भागाकार अठराव्या किंवा पंचविसाव्या वर्षी लावला, किंवा व्हिस्की न पातळता भरायची ठरली, की तो उघडा पडतो. शिवाय 40 टक्क्यांच्या आणि 58 टक्क्यांच्या बाटलीला बाजारात एकच भाव मिळत नाही, त्यामुळे जास्तीत जास्त बाटल्यांचा आकडा घेऊन त्याला चढ्यात चढ्या भावाने गुणणे म्हणजे ताक चौदा जणांचे आणि दर घट्ट ताकाचा.

काही जण मला विचारतील की पाणी मिसळताना आकारमान आकसते, ते तुम्ही धरलेच नाही. प्रश्न योग्य आहे. 50 लिटर मद्यार्कात 50 लिटर पाणी ओतले तर 100 लिटर होत नाही, सुमारे साडेशहाण्णव लिटर होते, आणि नवशिक्या मदतनिसाला हे पहिल्यांदा दाखवताना त्याला नळी गळते आहे असेच वाटते. परंतु टक्का हा तयार मिश्रणाच्या आकारमानावर मोजला जात असल्यामुळे शुद्ध मद्यार्काला अंतिम टक्क्याने भागले की तयार मालाचे लिटर बिनचूक मिळतात. आकसण्याची भरपाई फक्त घालायच्या पाण्यात करावी लागते. पाणी वजाबाकीने येते त्याहून थोडे जास्त लागते. बाटल्यांच्या संख्येला त्याने धक्का लागत नाही. मद्यार्काच्या लिटरवरून हिशेब करण्याचा हाच मोठा फायदा आहे.

आता 200 या आकड्याकडे वळतो, कारण तोही वाटतो तितका भक्कम नाही. व्हिस्कीच्या पिंपांची नावे ठरलेली असतात. अमेरिकेतून, त्यातली बर्बन (तिथली व्हिस्की) संपल्यावर, येणारे बॅरल सुमारे 200 लिटरचे, हॉग्जहेड सुमारे 250 चे, शेरीचे (स्पेनच्या एका द्राक्षमद्याचे) बट सुमारे 500 चे, क्वार्टर कास्क सुमारे 125 चे; स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या, कायद्याने 700 लिटरपेक्षा मोठे पिंप चालत नाही. ही सगळी नावे अंदाजाची आहेत. पिंप हाताने जुळवलेल्या फळ्यांचे असते आणि जुने पिंप मोडून त्याच फळ्यांचे दुसरे बांधण्याचीही रीत आहे, त्यामुळे शेजारी ठेवलेली दोन बॅरले सारखी भरत नाहीत. कोरडे पिंप सुरुवातीला काही लिटर माल स्वतःच पिऊन टाकते आणि तो फळ्यांच्या अंगात राहतो. आणखी एक, पिंप नेहमी बुचापर्यंत भरलेले असते असेही नाही.

पिंपाचे आकारमान बाहेरून मोजण्याचा प्रश्न जुना आहे. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा केपलर ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरी राहत होता तेव्हा 1613 मध्ये त्याचे दुसरे लग्न झाले; त्या सुमारास घरी द्राक्षमद्याची पिंपे आणली तेव्हा व्यापाऱ्याने बुचाच्या भोकातून एक काठी तिरकी आत खुपसली, तळाच्या कडेला टेकवली आणि काठी किती भिजली एवढ्यावरून पैसे सांगितले. पिंप बुटके की लांबट याची चौकशीच नाही, हे केपलरला खटकले. त्याने त्यावर गणित मांडले आणि 1615 मध्ये ते छापले. त्यातून निघाले असे की ऑस्ट्रियन पिंपांची ठेवणच अशी होती की आकार थोडा इकडे तिकडे झाला तरी काठीच्या मापाला फारसा फरक पडत नसे. म्हणजे व्यापारी बरोबर होता, पण फक्त त्या ठेवणीच्या पिंपांपुरता. आपल्या चौकटीचे 285 वाचताना मला त्या काठीची आठवण झाली.

घरी हिशेब करणाऱ्यासाठी एक जुने सूत्र चांगले चालते. पोटाच्या, म्हणजे मधल्या फुगवट्याच्या आतल्या व्यासाचा वर्ग दुप्पट करावा, त्यात तोंडाच्या व्यासाचा वर्ग मिळवावा, आतल्या लांबीने गुणावे, π ने (3.1416 ने) गुणावे आणि 12 ने भागावे. आतली लांबी 80 सेंटिमीटर, पोट 59 आणि तोंड 51 धरले तर 200.3 लिटर येतात. पोट 59 ऐवजी 60 मोजले गेले तर 205.3. एका सेंटिमीटरला पाच लिटर, म्हणजे सात बाटल्या. पट्टी ज्याच्या हातात आहे त्याने फळीची जाडी किती धरली, यावर सात बाटल्या येतात किंवा जातात.

तापमानाचे असेच. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे साइक्सचा हायड्रोमीटर होता, म्हणजे द्रवात तरंगत ठेवून तो किती बुडतो त्यावरून तीव्रता सांगणारे उपकरण. ब्रिटनने 1816 साली कायद्याने मान्य केलेले ते उपकरण, पितळी गोळा, लाकडी पेटीत मखमलीत बसवलेली 10 पासून 90 पर्यंतची वजने, शेजारी थर्मामीटर. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, बाहेर लू वाहत असताना, नमुन्याच्या नळकांड्यात तो सोडला की तो थंडीतल्यापेक्षा खोल बुडे, कारण तापलेले स्पिरिट फुगून हलके होते आणि आहे त्यापेक्षा जोरकस वाटते. वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की थर्मामीटर वाचल्याशिवाय हायड्रोमीटरकडे पाहायचेसुद्धा नाही. आता प्रमाण तापमान 20 अंश धरतात. 60 टक्क्यांच्या आसपासचे स्पिरिट 35 अंशांना मोजले तर त्याचे आकारमान सुमारे सव्वा टक्क्याने फुगलेले असते. 200 लिटरवर अडीच लिटर, साडेतीन बाटल्या. ही छीज नव्हे आणि वाढही नव्हे, नुसता उन्हाळा. आम्ही तक्त्यावरून दुरुस्ती करत असू, तरीही मेचे आणि ऑगस्टचे आकडे समोरासमोर ठेवले की नवा इन्स्पेक्टर हमखास भुवया उंचावत असे.

आपल्या लेखात शेवटी ओझरता उल्लेख आहे की भारतातही अशी पिंपे घेता येतील आणि "हिशेब तोच राहील". नेमका तोच राहत नाही. बंगळूरच्या हवेत छीज वर्षाला 10 टक्क्यांच्या आसपास जाते, हे तिथल्या व्हिस्कीवाल्यांनी स्वतःच जगाला सांगितले आहे. दर 10 टक्के धरला तर 200 लिटरचे चार वर्षांत 131 उरतात आणि बारा वर्षांत साडेछप्पन्न, म्हणजे पाण्याविना जेमतेम 80 बाटल्या. आपल्याकडच्या सिंगल माल्टच्या (एकाच आसवनीत, माल्ट केलेल्या बार्लीपासून काढलेल्या व्हिस्कीच्या) बाटल्यांवर मोठे वय क्वचित दिसते, त्याचे एक कारण हे आहे. आणि 2004 मध्ये बंगळूरच्या अमृत आसवनीची सिंगल माल्ट ग्लासगोला नेऊन विकायला ठेवली गेली तेव्हा उष्ण हवेत कमी वर्षांत माल मुरतो, हेच तिचे सांगण्यासारखे होते. तीव्रतेची चालही निराळी असते. कोरड्या, तापलेल्या गोदामात पाणी मद्यार्कापेक्षा लवकर उडते, त्यामुळे तीव्रता चढूही शकते. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या गोदामांत वरच्या मजल्यांवर असे होते. आपला माळवा वर्षातून दोन तोंडांनी बोलतो. एप्रिल ते जून कोरडा फुफाटा, जुलैपासून भिंतींना ओल. आमच्याकडे ओकची मोजकी पिंपे होती, आणि डिप उन्हाळ्यात भराभर उतरत असताना तीव्रता जागची हलत नाही, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. एकाच दराने आणि एकाच दिशेने चालणारा तक्ता अशा हवेला लागू पडत नाही. लहान पिंपाला तो त्याहून कमी लागू पडतो, कारण मालाच्या मानाने लाकूड जास्त आणि म्हणून छीजही जास्त.

स्कॉटलंडचे पिंप फार वर्षे ठेवणाऱ्याला आणखी एक धोका असतो. तीव्रता उतरत उतरत 40 च्या खाली गेली तर कायद्याने ती स्कॉच व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथे बाटल्या मोजण्याचा प्रश्नच संपतो. गळक्या पिंपाबद्दल वेगळे सांगायला नको. बाटल्या भरताना गाळण्यात, नळ्यांत आणि पिंपाच्या आतल्या जळक्या लाकडाच्या तळाशी बसलेल्या गाळात काही बाटल्यांचा माल जातो. तो शेवटी वजा करावा आणि त्यावर फार विचार करू नये.

हे पिंप इंदूरला आणून दिवाणखान्यात ठेवता येईल, असे त्या मुलाला वाटत होते. सिंगल माल्ट स्कॉच 2012 च्या नोव्हेंबरपासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करावी लागते; पिंपातून ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे त्याच्या हाती येतील त्या बाटल्याच, तिथल्या भरणावळीचा खर्च आणि इथला आयात कर लागून. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात हा कर 150 टक्क्यांवरून 75 वर आणि पुढे दहा वर्षांत 40 वर आणण्याचे ठरले आहे, आणि आपला लेखही त्यामुळेच लिहिला गेला असावा. ब्रिटनमध्ये माल गोदामाबाहेर काढताना लागणारे शुल्क शुद्ध मद्यार्काच्या लिटरवर असते. पाणी घालून बाटल्या वाढवल्या तरी ते वाढत नाही, पण काच, बूच, लेबल आणि भरणावळ मात्र बाटलीगणिक वाढते. जास्त बाटल्या म्हणजे जास्त नफा, हे समीकरण याही बाजूने लंगडे आहे.

मग विकत घेणाऱ्याने काय मागावे? बाटल्यांचा आकडा मागूच नये. आपल्याकडे उभ्या पिकाची आनावारी काढतात, तेव्हा पटवारी शेतात उतरतो. पेरणीच्या दिवशी किती बी टाकले यावरून पीक सांगत नाही. पिंपाचीही अशी आनावारी असते, तिला रीगेज म्हणतात. गोदामाचा माणूस पिंपाचे बूच काढतो, डिप घेतो, नमुना मोजतो आणि तारीख घालून लिहून देतो : बल्क लिटर इतके, तीव्रता इतकी, शुद्ध मद्यार्क इतका. भरतेवेळचा मद्यार्क आणि रीगेजचा मद्यार्क हे दोन वेगळे आकडे असतात, आणि विक्रीच्या कागदावर पुष्कळदा पहिलाच असतो. रीगेजचा आकडा हाती आला की बाकीचे कोणालाही करता येते. मद्यार्काच्या लिटरला हव्या त्या तीव्रतेने भागावे, बाटलीच्या मापाने पुन्हा भागावे, आणि ते माप 700 मिलिलिटरचे आहे की आपल्याकडच्यासारखे 750 चे, हे विसरू नये. वरचे 99.7 लिटर 42.8 टक्क्यांनी आणि 750 च्या बाटलीत भरले तर 310 होतात. पुढच्या वर्षांचा अंदाज करायचाच असेल तर एका रीगेजवर करू नये. काही वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन रीगेज असली म्हणजे ते पिंप किती छीजते हे त्याच्याच तोंडून कळते, आणि 2 टक्क्यांच्या सर्वसाधारण आकड्यापेक्षा ते केव्हाही जास्त विश्वासाचे. दोन सख्खी पिंपे एकाच रांगेत, एकाच दिवशी भरलेली असूनही एक दारापाशी आणि एक भिंतीपाशी असल्यामुळे वेगळी वागतात.

समोरच्या मुलाने माझ्या सांगण्यावरून विक्रेत्याला रीगेजची तारीख विचारली. तीन दिवसांनी उत्तर आले. त्यात पिंपाचा क्रमांक होता, भरल्याचे साल होते, मूळ 200 लिटर आणि 63.5 टक्के होते, आणि रीगेजच्या रकान्यात "मागणीनुसार, सशुल्क" असे लिहिले होते. खाली 285 चा आकडा पुन्हा दिलेला होता, या वेळी ठळक अक्षरात. ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात ते हेच. त्याने शुल्क भरून रीगेज मागवले आहे आणि कागद येईपर्यंत व्यवहार थांबवला आहे. कागदावर काय निघेल ते मी आधी सांगू शकत नाही, आणि बूच न काढता कोणीच सांगू शकत नाही.

आपणास विनंती अशी की ही चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी. त्यासाठी सगळे गणित देण्याची गरज नाही. 285 च्या पुढे "तीव्रता किती, बाटली केवढी, मद्यार्क कोणत्या तारखेला मोजला" एवढे तीन तपशील द्यावेत. आणि ते लेखकाकडे नसतील तर 285 हा आकडाही छापू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक निवृत्त आसवनी रसायनतज्ज्ञ,
लोकमान्य नगर, इंदूर